आई पॅरोलवर

रविवार, ६ जुलै २०२५. रीडिंग, इंग्लंड.

जे घडलं ते, क्रमाने:

१. आई मे महिन्यात नागपूरहून माझ्याकडे आली. व्हिजिटर व्हिसा, मुदत सहा महिने.

२. मी रोज ब्रॅकनेलला कामाला जाते. आई घरी असते.

३. आज तिला हेझलडाउनच्या म्युझियममध्ये नेलं. प्रवेश मोफत आहे आणि बस थेट जाते.

४. नेपोलियनच्या लढायांच्या काळात हेझलडाउनला फ्रेंच युद्धकैद्यांची छावणी होती. दर रविवारी हौशी माणसं त्या काळचे कपडे घालून ती पुन्हा भरवतात.

५. पहारेकरी व्हायला इथे रांग लागते. कैदी व्हायला कोणी तयार नसतं.

६. मी टॉयलेटला गेले.

७. परत आले तेव्हा आई फ्रेंच कैदी झाली होती.

आमच्या कंपनीत इलेक्ट्रॉनिक कुलपं बनतात आणि मी ती तपासते. एखादं कुलूप नको तेव्हा उघडलं, की आम्ही आधी असंच लिहितो: फक्त काय झालं. का झालं ते नंतर. ही वही त्यासाठी काढली आहे. 'का' सापडलं की बंद करीन.

आईने सुती साडीवर पिवळा कोट चढवला होता. कैद्यांना सरकार पिवळेच कपडे द्यायचं, पळाले तर लांबून दिसावेत म्हणून. पाठीवर सरकारी खात्याची मोठी काळी अक्षरं.

"कशी दिसून राहिली मी?"

"कोट काढ. बस चुकेल."

"आत्ताच तर पकडलं नं बापा मला. लगेच कशी सोडतील?"

तिला पकडणारे, म्हणजे भरती करणारे, निसीम नागावकर. ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. सत्तरी ओलांडली आहे, तरुणपणी इकडे आले, रेल्वेत सिग्नलचं काम करून निवृत्त झाले. छावणीतल्या कैद्यांचे पुढारी तेच. मला म्हणाले, "पोरी, शनिवारी माझा शब्बाथ, रविवारी माझी कैद. बाकीचे दिवस बायको पहारा देते. तुझी आई मराठीत पुटपुटताना ऐकली आणि म्हटलं, आपला फ्रेंच माणूस सापडला."

म्युझियमचा मॅनेजर झॅकरी. त्याने माझा हात हातात घेऊन सांगितलं की स्थानिक समाजापर्यंत पोहोचण्याची त्यांची केव्हापासूनची इच्छा होती. समाज त्या वेळी कैद्यांच्या सूपसाठी कोबी चिरत होता आणि शेजारच्या इंग्रज बाईला सांगत होता की एवढा जाड चिरत नसतात.

बुधवार, ९ जुलै

आईची इथली व्यवस्था नीट बसली आहे, हे नोंदवून ठेवते.

फ्लॅटच्या दाराला आमच्या कंपनीचं नवं कुलूप लावलं आहे, अजून बाजारात न आलेलं. दार कधी उघडलं याची नोंद मला फोनवर बघता येते. आईच्या सुरक्षेसाठी. तिने कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पलीकडे एकटीने जाऊ नये, अनोळखी माणसांशी बोलत उभं राहू नये आणि मी येईन तेव्हा घरात असावं. एवढंच. बाकी ती पूर्ण मोकळी आहे.

मुख्य प्रश्न वेगळा. बाबा डिसेंबरात गेले. धंतोलीच्या घरात आई आता एकटी. मी एकुलती एक. मी आखलेली योजना अशी: नागपूरचं घर भाड्याने द्यायचं, वर्षातले काही महिने आईने माझ्याकडे राहायचं, उरलेले पुण्याला मामाकडे. नोव्हेंबरात ती परत जाण्याआधी तिचा होकार हवा आहे. भाडेकरू शोधायला वेळ लागतो.

आज जेवताना पुन्हा विषय काढला. सगळं कारणांसहित मांडलं.

आई म्हणाली, "बघू नं."

म्हणजे जवळजवळ हो.

रविवार, १३ जुलै

पुन्हा हेझलडाउन. आईने सकाळी उठून डबा भरला होता. शिक्षा भोगायला जाताना लोक डबा नेतात, हे मला माहीत नव्हतं.

कैद्यांचा वेळ कसा जायचा हे आज कळलं. शिध्यात गोमांस मिळायचं. मांस खायचे, हाडं उकळून साफ करायचे आणि त्यातून जहाजं, सोंगट्या, खेळणी कोरायचे. आठवड्यातून एकदा फाटकापाशी बाजार भरायचा, गावकरी येऊन विकत घ्यायचे. निसीमकाकांनीही एक हाडाचं जहाज करायला घेतलं आहे, नऊ वर्षांपूर्वी. "नेपोलियन हरला, मेला, पुरला. माझ्या जहाजाला अजून शीड नाही."

आईने जाहीर केलं की ती नंदी करणार. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून घरोघर जातात. आई शाळेत कार्यानुभव शिकवायची, म्हणजे कागद, काडी, डिंक. दरवर्षी पोळ्याआधी आमच्या घरात माणसांपेक्षा बैल जास्त असत.

काकांनी तिला एक पांढरं स्वच्छ हाड दिलं. तिने ते उलटंपालटं केलं.

"कशाचं आहे हो हे, निसीमभाऊ?"

"बैलाचं."

आईने हाड लांब धरलं. "म्हणजे बैलाच्या हाडाचा बैल करू?"

"माल अस्सल आहे, सुप्रभाताई."

"राम राम राम! तो बघेल नं मग माझ्याकडे!"

हाड परत गेलं. मग तिने कैद्याच्या गादीला पडलेल्या भोकात बोट घातलं आणि आतला पेंढा ओढून काढला. चांगल्या काड्या निवडल्या, भिजवल्या, नखाने उभ्या चिरल्या आणि सूपच्या गरम मगाने दाबून सपाट केल्या. संध्याकाळपर्यंत एक बैल उभा राहिला. जरा कलता होता. निसीमकाका म्हणाले, फ्रेंच बैल आहे, प्यायलेला असणार.

बसमध्ये आई खिडकीला डोकं टेकून झोपली. घरी तिला झोप येत नाही म्हणते.

रविवार, २० जुलै

पेंढा बेकायदेशीर निघाला.

दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, पण हेझलडाउनमध्ये तिची अंमलबजावणी अजून चालू आहे. फ्रेंच कैदी पेंढ्याच्या वेण्या विणायचे आणि त्यांच्या टोप्या व्हायच्या. गावातल्या टोपीवाल्यांनी ओरड केली की कैदी आमच्या पोटावर पाय देतात. सरकारने विणकाम बंद केलं. हाड चालेल, पेंढा नाही. मग चोरून चाललं. पहारेकरीच कोटाखाली लपवून वेण्या बाहेर न्यायचे.

झॅकरीला हे आठवलं आणि तो फार खूश झाला. पहारेकऱ्यांचा प्रमुख कॉलिन, निवृत्त दंतवैद्य, याला आईची झडती घ्यायला सांगितलं. लोक जमले. कॉलिनने भाला रोखला आणि आईला आधी तोंड उघडायला लावलं. सवय.

आईने आ केला. पेंढा अंबाड्यात होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनेही वाजवल्या. मला ती इतकी हसताना शेवटची कधी दिसली ते आठवून पाहिलं. तारीख सापडली नाही.

दुपारी तिचे बैल फाटकापाशी टेबलावर मांडले. लोक उचलून नेत होते आणि देणगीच्या पेटीत काहीतरी टाकत होते. मी ताबडतोब झॅकरीला गाठलं. व्हिजिटर व्हिसावर माणसाला काम करता येत नाही, वस्तू विकता येत नाहीत. झॅकरी म्हणाला, "ओह, इट्स जस्ट अ बिट ऑफ फन." हीथ्रोच्या खिडकीपाशी प्रश्नांना उत्तरं द्यायला झॅकरी उभा राहणार नाही. त्याच वेळी गिफ्ट शॉपची बाईही तक्रार घेऊन आली: फाटकापाशी बैल फुकट मिळत असतील तर तिच्या दुकानातली मशीनवर कापलेली लाकडी खोकी कोण घेणार? आम्ही दोघींनी मिळून ती विक्री बंद पाडली.

बसमध्ये आईला सांगितलं की विकायचं नाही आणि कुणाला देणगीवर द्यायचंही नाही.

"फ्रेंचांना पण हेच सांगितलं होतं नं?"

"ते वेगळं होतं. हा कायदा आहे."

"हो का," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

गुरुवार, ३१ जुलै

दाराच्या नोंदींत गडबड आहे. आई सकाळी मी गेल्यावर बाहेर पडते आणि मी यायच्या थोडं आधी परत येते. मंगळवारी, बुधवारी आणि आज. पोस्टात इतका वेळ लागत नाही.

विचारलं.

"फिरायला गेले होते."

"कुठे?"

"इकडेच."

"आई, 'इकडेच' ही जागा नाही."

"अगं, निसीमभाऊंच्या बायकोला दुखणं आहे गुडघ्याचं. तिच्याकडे बसून आले. चांगली बाई आहे. मराठी विसरली आहे सगळी, फक्त शिव्या आठवतात तिला."

मी शांतपणे समजावलं की मला कळवल्याशिवाय जाऊ नये. मी रागावले नाही. दार उघडल्यावर फोनला इशारा यावा अशी सोय केली.

आई कुलपाकडे बघत म्हणाली, "हे आतून पण लागतं का गं?"

तांत्रिक प्रश्न तिला सहसा पडत नाहीत. बरं वाटलं. सविस्तर उत्तर दिलं.

रविवार, ३ ऑगस्ट

लॅपटॉप घेऊन कॅफेत बसण्यापेक्षा मीही सामील व्हावं असं झॅकरीने सुचवलं. कैदी की पहारेकरी, ते मी ठरवायचं. कैदी कमी आहेत हे त्याने दोनदा सांगितलं.

पहारेकरी झाले. लाल कोट अंगात व्यवस्थित बसतो, छातीवर 'पूर्वी' नावाची पट्टी.

माझ्याकडे हजेरी दिली आहे. आजवर हजेरी म्हणजे कॉलिन "सगळे आहात ना?" म्हणायचा आणि कैदी "नाही" म्हणायचे. मी नावाने घेतली. शिवाय कुंपण तपासलं. मागच्या बाजूची एक फळी सैल आहे, माणूस सहज जाईल. झॅकरीला कळवलं. तो म्हणाला की ती फळी खाऊच्या गाडीवाल्यासाठी मुद्दाम सैल ठेवली आहे.

आईचं नाव घेतलं तेव्हा ती "हजर" म्हणाली. शाळेत आम्ही म्हणायचो तसं, हात वर करून.

निसीमकाका माझ्या कोटाकडे बघत म्हणाले, "छान दिसतोस हो, साहेब."

रविवार, १० ऑगस्ट

महिनाअखेरीच्या बँक हॉलिडेच्या सुटीला जोडून येणाऱ्या रविवारी मोठा कार्यक्रम आहे. विषय: पॅरोल.

निसीमकाकांनी कैद्यांना मराठीत आणि इंग्रजीत समजावलं. फ्रेंच सैनिक छावणीत राहायचे. अधिकाऱ्यांना मात्र गावात खोली घेऊन राहता यायचं. त्यांनी शब्द द्यायचा की मैलाच्या दगडापलीकडे जाणार नाही आणि घंटा झाली की खोलीवर परत येईन. फ्रेंचमध्ये पॅरोल म्हणजे शब्दच. "आपण नाही का म्हणत, शब्द दिला? तोच."

झॅकरीने आईला बढती दिली. ती आता कॅप्टन आहे. कार्यक्रमाच्या दिवशी ती फाटकातून बाहेर पडेल, गावातून दगडापर्यंत जाईल, लोकांना नमस्कार करेल आणि घंटा झाली की परतेल. तिला एकटीने जायचं आहे हे मला पटलेलं नाही, पण रस्ता सरळ आहे आणि कॉलिन दगडापाशी असणार.

घरी आल्यावर मी कामाचे मेल बघत होते. आई पोळ्या लाटत बोलत होती. आमच्या कुलपाच्या एका चाचणीत त्रुटी निघाली होती, त्यामुळे सगळं ऐकलं नाही. जेवढं आठवतं ते:

"आपल्याकडे पण असते नं पॅरोल. पेपरात येते. सेंट्रल जेलमधल्या माणसाला मिळाली की तो आपल्या माणसांकडे जाऊन येतो, आठ-पंधरा दिवस."

"हं."

"मग मी पण जाऊन येऊ का?"

"हं."

रविवार, २४ ऑगस्ट

जे घडलं ते.

आई दुपारी पॅरोलवर निघाली. पिवळ्या कोटाऐवजी अधिकाऱ्याचा निळा कोट, खांद्याला मोठी पिशवी. झॅकरीने फाटकापाशी तिच्याकडून शब्द घेतला. तिने उजवा हात वर करून मराठीत काहीतरी म्हटलं, लोकांना आवडलं. मग ती गेली.

संध्याकाळी घंटा झाली. मी हजेरी घेतली. "कॅप्टन सुप्रभा" म्हटल्यावर कोणी हात वर केला नाही.

कॉलिन दगडापाशी नव्हता. आइस्क्रीम घ्यायला गेला होता. पहारेकऱ्यांना दोनशे वर्षांत पहिल्यांदा काम मिळालं आणि त्यांनी ते अतिशय उत्साहाने वाईट केलं. एकाने चर्चच्या आवारात एका खऱ्या फ्रेंच बाईला अडवलं. ती कॅलेहून सहलीला आली होती. झॅकरी मला सांगत होता की सगळं ठीक आहे, आणि त्याचा स्वतःचा चेहरा पांढरा पडला होता. लोकांना वाटत होतं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. कोणी मोबाइलवर माझा व्हिडिओ काढत होतं, कारण लाल कोटातली मीच सगळ्यांत खरी वाटत होते.

आईचा फोन लागत नव्हता. मी पोलिसांना फोन करणार एवढ्यात तिचाच आला. मागे गाडीचा आवाज.

"आई! कुठे आहेस?"

"ट्रेनमध्ये."

"कुठल्या?"

"लीड्सच्या. लंडनला बदलली. निसीमभाऊंनी सगळं कागदावर लिहून दिलं होतं, काही त्रास नाही झाला. खिडकीजवळची जागा मिळाली."

"तू पॅरोलवर होतीस!"

"हो मग. म्हणून तर चालली आहे."

"आई, पॅरोल म्हणजे... दगडापर्यंत! दगडापर्यंत जायचं होतं!"

"असं का? आपल्याकडे तर घरी जातात."

"लीड्स तुझं घर आहे?"

"चैत्राली आहे नं तिथे. भाची आहे माझी. कधीची बोलावून राहिली. आणि अगं पूर्वी, मी तुला विचारलं होतं. तू हं म्हणालीस."

मी हजेरीत तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं.

"काल तान्हा पोळा झाला," आई म्हणाली. "तुझ्या लक्षात होतं?"

मग बोगदा आला असावा.

सोमवार, २५ ऑगस्ट

निष्कर्ष: शब्दाचा घोटाळा. एकच शब्द, इथे एक अर्थ, नागपूरच्या वर्तमानपत्रात दुसरा. सूचना देणाऱ्याने शब्दाची व्याख्या आधी करायला हवी होती. दोष कार्यपद्धतीचा आहे, व्यक्तीचा नाही.

घरी तपासणी केली. आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या नाहीत. दोन स्वेटर नाहीत. चार्जर नाही. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण नाही. बाबांचा फोटो नाही. लोखंडी कढईही नाही. आई नेहमीच लागेल त्यापेक्षा जास्त सामान घेऊन फिरते.

निसीमकाकांना फोन केला. मी फार सभ्य भाषेत विचारलं की एका पाहुण्या बाईला परस्पर लीड्सच्या गाडीत बसवण्याचं कारण काय.

"परस्पर कसं? ती म्हणाली मुलीला विचारलंय."

"ती घाबरली असती, हरवली असती."

"पोरी, ती बाई छत्तीस वर्षं पन्नास-पन्नास पोरांचे वर्ग सांभाळत होती. लंडनला गाडी बदलायला तिला काय होतंय?"

"तुम्हाला पॅरोलचा अर्थ माहीत होता, काका. तुम्ही तिला सांगायला हवा होता."

ते म्हणाले, "सगळा अर्थ तर तुलाही सांगितला नाही. पॅरोल लादता येत नसे. अधिकाऱ्याला आधी विचारायचे: शब्द देता का? काही जण नाही म्हणायचे आणि आत छावणीतच राहायचे, सैनिकांबरोबर. गावातली खोली नको म्हणायचे. विचारल्याशिवाय घेतलेला शब्द कसला शब्द? तो नुसता हुकूम झाला."

"हे कालच्या प्रकरणाशी संबंधित नाही," मी म्हटलं.

"बरं, साहेब," म्हणाले आणि बायकोला गोळी द्यायची आहे म्हणून फोन ठेवला.

आईने लेखी काही दिलं नव्हतं, फक्त हात वर केला होता. झॅकरीला विचारलं ती मराठीत काय म्हणाली. त्याने शूट केलं होतं. पाठवलं.

आई म्हणत होती, "दगडाचं काही सांगत नाही बापा, पण कोट परत पाठवीन."

लोक टाळ्या वाजवत आहेत. मी मागे लाल कोटात उभी आहे, हजेरीकडे बघत.

शनिवार, ३० ऑगस्ट

कोट आज पोस्टाने म्युझियमला पोहोचला, धुऊन, इस्त्री करून. झॅकरीने फोटो पाठवला, सोबत हसरा चेहरा.

आई माझ्याशी रोज बोलते. लीड्सला गार आहे, चैत्रालीकडे बाल्कनी आहे, तिथे एक नागपूरचीच डॉक्टर भेटली, तिच्याशी दोन तास बोलली. परत कधी येतेस विचारलं की "बघू नं."

चैत्राली तिथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दुपारी तिने वेगळा फोन केला.

"पूर्वी, रागावू नको. मावशी विचारून राहिली, नोव्हेंबरचं तिकीट अलीकडे आणता येतं का."

"अलीकडे म्हणजे कधी?"

"सप्टेंबरमध्येच जायचं म्हणते. नागपूरला. घर उघडायचंय म्हणे, दसऱ्याच्या आधी."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"अगं, सांगितलंय की. मला म्हणाली, मी दोन महिने 'बघू' म्हणून राहिले, पोट्टी इंजिनिअर आहे, कळेल तिला."

मी म्हटलं, घर भाड्याने देण्याचं ठरत आलं आहे.

चैत्राली म्हणाली, "कुणाचं?"

नंतर मी दाराच्या नोंदी उघडल्या. कामाची सवय. गेल्या रविवारपासून मी आत आणि मी बाहेर, एवढंच. मधल्या सगळ्या वेळासमोर एकच ओळ: कोणतीही हालचाल नाही.

दुपारी सगळे दिवे लावले होते, ते आत्ता लक्षात आलं.

सोमवार, १ सप्टेंबर

आईला मेसेज लिहायला बसले. पहिला मसुदा: योजनेचे फायदे, क्रमाने. पाठवला नाही.

दुसरा: व्हिसाची मुदत, तिकीट बदलण्याच्या अटी, दोन्ही पर्यायांची तुलना. चांगला होता. पाठवला नाही.

तिसऱ्यात बाबांचा उल्लेख होता. खोडला.

कामावर आज एक नवं कुलूप निकामी ठरलं. बाहेरून सगळं ठीक, पण आतल्या माणसाला उघडता येत नव्हतं. अहवालात कारण लिहायचं होतं. बराच वेळ रकाना रिकामा ठेवला. मग लिहिलं: आत कोणी असेल हे गृहीत धरलेलं नाही.

साहेबांनी विचारलं, हे कारण आहे की टोमणा?

मंगळवार, २ सप्टेंबर

हा पाठवला.

आई,

चैत्रालीने सांगितलं. तिकीट अलीकडे आणता येतं, मी चौकशी केली आहे. तुला सप्टेंबरमध्ये जायचं असेल तर मी बदलून देते. नोव्हेंबरपर्यंत राहायचं असेल तर इथे, किंवा लीड्सला, तुला हवं तिथे. घर भाड्याने देण्याचं मी तुला न विचारता ठरवलं होतं. ते रद्द. भाडेकरू बघणाऱ्या माणसाला आज नाही म्हणून कळवलं.

तुला काय हवं आहे ते मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं, म्हणून आता विचारते आहे. 'बघू' लिहिलंस तर मी ते 'नाही' असं वाचीन.

आणखी एक. शनिवारी सकाळी लीड्सची गाडी आहे. मी येऊ का? एक रात्र राहीन. तुला नको असेल तर तसं सांग, मी येणार नाही.

शुक्रवार, ५ सप्टेंबरपर्यंत कळव.

पूर्वी